कॅमशाफ्ट बदलण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात कॅमशाफ्टबद्दलची पत्रं बरीच आहेत. बहुतेकांना गॅरेजमधून एकच वाक्य ऐकायला मिळालं आहे : "कॅम गेलाय." कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. हा इंजिनातला टिकाऊ भाग. तो आपणहून क्वचित जातो. त्याला ऑइल कमी पडतं, त्याला फिरवणारी चेन सैल होते किंवा सेन्सरची वायर तुटते, आणि नाव मात्र कॅमचं येतं. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

प्रश्न : माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल, दोन कॅमशाफ्टची, टायमिंग चेनवाली. १,१०,००० किलोमीटर झालेत. महिनाभर इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक येते. कॅमशाफ्ट आणि हेड (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्हचा ठोकळा) दोन्ही बदलावं लागेल असं सांगितलंय. हेड न उतरवता खात्री करता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : येईल, आणि एवढ्या खर्चाला होकार देण्याआधी करायलाच हवी. वरचं कव्हर काढलं की कॅम समोर दिसतो, त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही.

पण कव्हरला हात लावण्याआधी डिपस्टिक बघा. ऑइल चेंबरमधून पंपाकडे, तिथून फिल्टर, मग क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, आणि सगळ्यात शेवटी हेडमध्ये पोचतं. नळाच्या शेवटच्या घराला पाणी कमी येतं तसंच हे. प्रेशर उतरलं की त्रास आधी कॅमला. ऑइल खालच्या खुणेवर असेल तर वरच्या खुणेपर्यंत भरा, दहा मिनिटं इंजिन चालवा आणि पुन्हा ऐका. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तो दिवा प्रेशर अगदी अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली गेल्यावरच लागतो. खरं प्रेशर कळायला त्या दिव्याचा स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावावं लागतं. इंजिन पूर्ण गरम असताना दर हजार आरपीएममागे साधारण ०.७ बार हा जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे. ३,००० आरपीएमला गेज दीड बारच्या वर सरकत नसेल तर नवा कॅम टाकूनही काही महिन्यांत तीच टकटक परत येईल.

आता आवाज. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी ८०० आरपीएमला उभी असेल तर एका टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाचा, ठोका मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा पडतो. खालच्या बेअरिंगचा आवाज याच्या दुप्पट वेगाचा, जड असतो आणि चढावर वाढतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावा. इंजेक्टरही टकटकतात, फक्त बारीक आणि एकसारखे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर गार इंजिनाला तशीच टकटक येते आणि गरम झाल्यावर कमी होते. या दोन आवाजांपायी बऱ्याच चांगल्या हेडचे नट उगाच खोलले जातात.

एवढं करून संशय कॅमवरच राहिला तर गाडी रात्रभर गार होऊ द्या. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. व्हॉल्व्ह कव्हर उघडा. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. कॅमच्या बोल्टने फिरवू नका आणि उलटं तर मुळीच नको. एकेक लोब, म्हणजे कॅमवरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा, टॉर्चखाली तपासा. नाकावर सलग चकाकी हवी. बारीक खड्डे, निळसर डाग, गोलसर झालेली कड किंवा नखाला लागणारी रेघ दिसली तर तो लोब संपत आला आहे. ओतीव लोखंडाच्या कॅमवर कडक थर वरवरचाच असतो. तो एकदा फुटला की आतलं मऊ लोखंड भराभर झिजतं, म्हणून "अजून थोडं चालवू" हा हिशेब इथे चुकतो.

मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पाती. लोबचं नाक टॅपेटच्या बरोबर विरुद्ध दिशेला आणा आणि लोब व टॅपेट यांच्यामधली फट मोजा. अशा इंजिनांत गार असताना इनटेकला ०.२० मिमी आणि एक्झॉस्टला ०.३० मिमीच्या आसपास फट असते. सोळाही आकडे कागदावर लिहा. सगळे थोडेथोडे वाढले असतील तर ती साधी झीज, शिम, म्हणजे फट जुळवायची चकती, बदलून जाते. सात इनटेकना ०.२२ आणि एका इनटेकला ०.४५ आलं, तर गुन्हेगार तो एक लोब किंवा त्याखालचं टॅपेट. शिमचं गणित सोपं आहे : नवी जाडी म्हणजे जुनी जाडी अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. जुनी शिम २.४० मिमीची, मोजलेली फट ०.३०, हवी ०.२०, तर नवी शिम २.५० मिमीची. काही इंजिनांत वेगळी शिम नसते, वेगवेगळ्या जाडीची टॅपेटच मिळतात, गणित तेच.

कॅम उचलायची वेळ आलीच तर कॅप, म्हणजे कॅमला हेडवर धरून ठेवणाऱ्या पकडी, उघडण्याचा क्रम जपा. दोन्ही टोकांकडून मध्याकडे, तीन फेऱ्यांत, थोडंथोडं सैल करत या. एकाच बाजूचे बोल्ट आधी काढले तर दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला वर ढकलत राहतात आणि ओतीव कॅम चक्क मोडतो. कॅपवर आकडे आणि बाण असतात. त्या हेडला बसवूनच एकत्र बोअर केलेल्या असतात, म्हणून अदलाबदल करता येत नाही. लोबची उंची मायक्रोमीटरने नाकावर घ्या, मग त्याला काटकोनात घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे लिफ्ट, लोबची उचल. बहुतेक मॅन्युअलांत ०.१० ते ०.१५ मिमीपेक्षा जास्त झीज चालत नाही. जर्नलची, म्हणजे कॅम ज्यावर टेकून फिरतो त्या गोल भागाची, फट प्लास्टिगेज या मऊ पट्टीने पाहा : पट्टी जर्नलवर आडवी ठेवा, कॅप ठरल्या टॉर्कने आवळा, कॅम न फिरवता पुन्हा उघडा आणि चपटलेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी जुळवा. ०.१० मिमीच्या पुढे गेलं की मॅन्युअल उघडून मर्यादा बघाच. परत बसवताना क्रम उलटा, मध्याकडून टोकांकडे, आणि ६ मिमीच्या बोल्टला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढंच. अंदाजाने आवळून ॲल्युमिनियमचे आटे उपटले तर एका लोबचं काम खरोखरच हेडवर जातं.

आता निकाल. फक्त फट वाढलेली असेल तर शिम. लोब गेला पण जर्नल गुळगुळीत असेल तर कॅम आणि त्याखालची सगळी टॅपेट. झिजलेल्या टॅपेटवर नवा कॅम टिकत नाही. हेडमधल्या जर्नलच्या जागेवर नखाला लागणारे ओरखडे असतील तरच हेडचा विचार. आणि जुना ऑइल फिल्टर कापून उघडा. कागदाच्या घडीत लोखंडाची चमकी सापडली तर ती कुठून आली हे कळेपर्यंत नवे भाग आत टाकू नका.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०३४० येतो. सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, मग गाडी चालू होते आणि नीट चालते. कॅम सेन्सर दोनदा बदलला, कोड तोच. आता कॅमशाफ्ट बदलायला सांगतायत. – एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅमशाफ्ट बदलू नका. पी०३४० हा कोड सेन्सरच्या सर्किटचा आहे : सिग्नल कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर, वायर आणि कनेक्टर या तिघांत सेन्सर बदलून झाला, म्हणजे आता वायर बघायची. सेल्फ लांबण्याचं कारणही इथेच आहे. क्रँक सेन्सर पिस्टन वर आला हे सांगतो, पण तो कॉम्प्रेशनला आला की एक्झॉस्टला, हे कॅम सेन्सरकडूनच कळतं. ती खबर नसेल तर काही कॉम्प्युटर अंदाजाने ठिणगी टाकत बसतात, म्हणून उशीर.

मल्टिमीटर घ्या. कनेक्टर काढा, चावी ऑन करा. तीन वायरींपैकी एकीवर सप्लाय हवा, गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट. अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. तिसऱ्या, सिग्नलच्या वायरीवर कनेक्टर काढलेला असताना बहुधा ५ व्होल्ट दिसतात. शून्य दिसलं तर वायर मधे तुटली आहे किंवा बॉडीला टेकली आहे. आता कनेक्टर जोडा, सिग्नलच्या वायरीला मागून बारीक पिन लावा आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. व्होल्टेज ० आणि ५ यांच्यामध्ये उड्या मारायला हवं. सेन्सरच्या पिनांत ओहम मोजून निकाल देणारे भेटतील. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला ती चाचणी निरर्थक आहे; ती जुन्या दोन वायरींच्या सेन्सरची.

सप्लाय ठीक, अर्थ ठीक, तरी उड्या नाहीत? सेन्सर काढून त्याच्या चुंबकाच्या टोकावर लोखंडाचा चुरा चिकटलाय का बघा, ओ-रिंग दुहेरी बसून सेन्सर वर उचलला गेलाय का तेही. कनेक्टरमध्ये ऑइल झिरपतं, तेही तपासा. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर हार्नेस कुरतडतात. वायरवरची टेप न सोलता वरून बघितलं तर ते दिसत नाही.

कोड पी००१६ असता तर उत्तर वेगळं होतं. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असं तो कोड सांगतो, आणि तिथे चेन किंवा बेल्टकडे बघावं लागतं.

प्रश्न : १२४८ सीसी डिझेल, १,४०,००० किलोमीटर. सकाळी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो, मग बंद. घाट रोजचा आहे. किती दिवस चालवू शकतो? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिवस मोजू नका, गाडी कामाला लावा. तुमचं इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत हेच आहे, आणि पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. त्यामुळे त्याचे भाग आणि ते जाणणारे हात दोन्ही आपल्याकडे मिळतात.

यात दोन कॅमशाफ्ट, टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा, ऑइलच्या प्रेशरवर चालणारा टेन्शनर. रात्रभरात टेन्शनरमधलं ऑइल उतरतं. सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन सैल राहते आणि तिला वाट दाखवणाऱ्या पट्ट्यांवर आपटते. नव्या चेनला एवढी ढिलाई नसते, म्हणून आवाज येत नाही. चेन "लांबते" म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश किंचित झिजतात, आणि सगळ्या कड्यांची मिळून लांबी वाढते. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी येते, ती पिनांवर पॉलिश पेपरसारखी घासते. ऑइल बदलायला उशीर म्हणजे चेनचं आयुष्य कमी, इतका थेट संबंध आहे.

एकटी चेन किंवा एकटा टेन्शनर बदलू नका. चेन, टेन्शनर, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि दात झिजले असतील तर स्प्रॉकेट, असा सगळा संच एकदम. काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा : कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना तुमच्याकडे आहेत का? या इंजिनाचं टायमिंग त्या पिनांनी जागा धरून बसवायचं असतं. पेंटने खुणा करून जुनी जागा परत पकडणं इथे धोक्याचं आहे, कारण जुनी जागाच झिजलेल्या चेनची, म्हणजे चुकलेली असते. बसवून झालं की पिना काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिना परत सहज बसतात का पाहायचं. मधेच अडलं तर जोर करायचा नाही. सेल्फ त्यानंतरच.

कव्हर बंद करताना सीलंटची बारीक, दोन-तीन मिमीची धारच पुरते. आतल्या बाजूला सुटलेला सीलंटचा तुकडा ऑइलच्या जाळीत अडकतो, ऑइल कमी पडतं आणि ज्या भीतीने आपण काम काढलं तीच खरी ठरते.

काम होईपर्यंत गाडी ढकलून चालू करू नका, आणि उतारावर फक्त गिअरच्या भरवशावर उभी करू नका; हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद असताना टेन्शनरला प्रेशर नसतं. गाडी मागे सरकून क्रँक उलटा फिरला तर चेन दात चुकवू शकते. तसं झालंच तर या इंजिनात अनेकदा आधी रॉकर तुटतात. फक्त रॉकर बदलून मोकळं होऊ नका. प्रत्येक सिलिंडरची लीक-डाउन चाचणी, म्हणजे आत हवा भरून गळती तपासणं, करून व्हॉल्व्ह सरळ आहेत हे बघा.

प्रश्न : टायमिंग बेल्ट बदलल्यापासून गाडीला पिकअप नाही, ॲव्हरेजही पडलंय. मेकॅनिक म्हणतो, खुणा बरोबर आहेत. – एक वाचक, बडोदा

उत्तर : बेल्ट एक दात चुकला असावा. कॅमच्या पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. इंजिन चालू होतं, पण जीव राहत नाही. व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीजवळ, गरम इंजिनाला, आयडलवर १७ ते २१ इंच पारा आणि स्थिर काटा हवा. काटा स्थिर पण १४-१५ वर असेल तर कॅम मागे पडलाय. कॉम्प्रेशनही मोजा. सगळ्या सिलिंडरांत सारखंच कमी आलं तर टायमिंग. एकातच कमी आलं तर तो व्हॉल्व्ह किंवा रिंग.

"खुणा बरोबर" हे मेकॅनिक मनापासून सांगत असेल, तरी क्रँकच्या बाहेरच्या पुलीत रबर असतं आणि ते सरकलं की पुलीवरची खूण खोटं बोलते. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची लांब नळी घाला, धातूची नको, आणि पिस्टन खरा वर कुठे येतो ते हाताने बघून मग खूण तपासा. दुसरी नेहमीची चूक टेन्शनरची : सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला आणल्याशिवाय तो आवळला, की पहिल्याच फेऱ्यात बेल्ट एक दात सरकतो. आवळून झाल्यावर हाताने दोन फेरे आणि खुणा पुन्हा.

उघडलंच आहे तर कॅमचं ऑइल सील बघा. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि कंपनीने दिलेल्या किलोमीटरपर्यंत पोचत नाही. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर तोही आत्ताच बदला, मजुरी एकदाच पडते.

प्रश्न : चार सिलिंडरची गाडी, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. पूर्वी टॅपेटचा हलका आवाज यायचा, आता तो गेला. पण सकाळी एक सिलिंडर मिस करतो. दोन्हींचा संबंध आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दाट संबंध आहे, आणि तुम्ही तो हेरलात हे फार बरं झालं. आवाज गेला म्हणजे इंजिन सुधारलं नाही, फट संपली. सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हच्या सीटवर जो गारवा आणि पातळ थर ठेवतात, तो इथे मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित वर बसतो, त्याचं शेपूट रॉकरकडे सरकतं आणि फट कमी होत शून्यावर येते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटल्यावर सीटमधून जी उष्णता हेडला जायला हवी ती जात नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते.

स्क्रू आणि लॉकनट असलेल्या रॉकरला हे काम तासाभराचं आहे. १-३-४-२ फायरिंगच्या इंजिनात सोपी युक्ती : चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले की एकचे जुळवा, एकचे हलले की चारचे, दोनचे हलले की तीनचे, तीनचे हलले की दोनचे. फीलरची पात किंचित घासत जायला हवी. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना स्क्रू फिरतोच. फट जुळवूनही त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा दोन-तीन बार कमी राहिलं तर व्हॉल्व्ह जळलाय, हेड उतरवावं लागेल. सीएनजीवर दर २०,००० किलोमीटरला फट बघावी असं आमचं मत आहे. टॅक्सीवाले हे इमानाने करतात, घरच्या गाड्यांत राहून जातं.

प्रश्न : कोड पी००११. आयडल डळमळतं. – एक वाचक, मडगाव

उत्तर : कॅम ठरल्यापेक्षा पुढे राहतोय. आधी ऑइल : पातळी, ग्रेड आणि शेवटचं कधी बदललं ते. व्हीव्हीटी, म्हणजे कॅमचं टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा, ऑइलवरच चालते. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं तर हा कोड येऊ शकतो. मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढा. कॉइल बहुतेक गाड्यांत ७-८ ओहमच्या आसपास असते. १२ व्होल्ट क्षणभरच द्या, आतला दांडा टक्क करून पूर्ण सरकून परत यायला हवा. जाळी पेट्रोलने नाही, ब्रेक क्लीनरने धुवा. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

प्रश्न : झिजलेला कॅम वेल्डिंग करून घासून मिळतो म्हणतात. टिकतो का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उद्यमनगरात हे काम करणारे हात आहेत, आणि नवा कॅम मिळत नाही अशा जुन्या इंजिनाला तो योग्य रस्ता आहे. पण दोन गोष्टी आधी विचारा. लोबवर भरलेला धातू कडक आहे का, आणि आकार मूळ कॅमवरून मास्टर, म्हणजे नमुना, घेऊन घासणार की हाताने? हाताने घासलेला कॅम घेऊ नका. भर न घालता नुसता घासला तर लोबचं पोट लहान होतं, तेवढी जाड शिम लागते. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर त्यांची पोच संपते आणि टकटक कायमची राहते. परत आलेला कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावा. फिरवताना काटा ०.०५ मिमीच्या पुढे हलला तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकला आहे, परत करा.

प्रश्न : जुन्या प्रीमियर पद्मिनीत नवा कॅमशाफ्ट टाकला. ६०० किलोमीटरमध्ये दोन लोब सपाट झाले. माल खराब होता का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : असूही शकतो, पण पहिल्या वीस मिनिटांबद्दल आधी विचारावंसं वाटतं. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅम हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये आहे. त्याच्यावर टॅपेट, त्यावर पुशरॉड, वर रॉकर. टॅपेटला रोलर नाही, तो लोबवर घासतच चालतो. अशा टॅपेटने आपल्या जागेत हळूहळू गोल फिरायला हवं, म्हणजे झीज एका जागी होत नाही. जुनी टॅपेट जुन्या लोबच्या आकाराला झिजलेली असतात. ती नव्या कॅमवर टाकली की फिरत नाहीत, आणि नव्या लोबची कड खातात. तुमच्या इंजिनात टॅपेट जुनीच ठेवली होती का हे बघा. आमचा पहिला संशय तिथेच आहे.

दुसरं, इंजिन चालू करून आयडलवर सोडलं होतं का? या लोबांना ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेलं मिळतं. आयडलवर ते पुरेसं उडत नाही. नव्या कॅमला लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची, आधी पंपाने ऑइल चढवून घ्यायचं, कार्बुरेटर भरलेला आणि इग्निशन जुळवलेलं ठेवायचं, म्हणजे फार सेल्फ न मारता इंजिन लगेच पेटतं. पेटताच २,००० ते २,५०० आरपीएमवर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच थोडं वरखाली करत ठेवायचं. तापलं तर बंद करा, गार करून उरलेली मिनिटं पुरी करा. मग ते ऑइल काढून टाका.

तिसरं, ऑइल. नव्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलांत झिंक-फॉस्फरसचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. रोलर असलेल्या इंजिनांना त्याने फरक पडत नाही, घासत चालणाऱ्या टॅपेटला पडतो. तुमच्या पद्मिनीला २०डब्ल्यू-५० मिनरल, किंवा सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल चालेल, त्यात झिंक जास्त असतं.

पुढच्या वेळी लोब सपाट होतोय का हे इंजिन न उघडता कळेल. रॉकरचं कव्हर काढा, पुशरॉडच्या बाजूला रॉकरच्या टोकावर डायल गेज टेकवा आणि क्रँक हाताने फिरवत आठही व्हॉल्व्हची उचल लिहून ठेवा. इनटेकचे चार आकडे एकमेकांशी आणि एक्झॉस्टचे चार एकमेकांशी जुळायला हवेत. नवा कॅम टाकल्यावर पहिल्या दिवशी, मग ५०० किलोमीटरला आणि १,००० किलोमीटरला मोजा. एखादा आकडा दशांश मिमीनेही घसरला तर गाडी तिथेच थांबवा, म्हणजे झिजलेल्या लोबचा चुरा क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचणार नाही.